विचारा डॉक्टरताईंना: दारू, मेंदू आणि श्रावणात थरथरणारे हात

मागच्या अंकात झोपेबद्दल लिहिताना मी दारूवर एकच वाक्य लिहिलं होतं, की रात्रीचा पेग झोप आणत नाही, झोप मोडतो. त्यावर एवढे मेसेज आणि पत्रं आली की हा अख्खा अंक त्यालाच द्यायचं ठरवलं. नाव कोणाचंच छापत नाहीये, इंदूरात आपले मराठी लोक सगळे सगळ्यांना ओळखतात, आणि काही पत्रं वाचताना माझाच गळा भरून आला. पहिलं पत्र सगळ्यात मोठं आहे आणि सगळ्यात घाईचं पण, म्हणून ते आधी घेते.

प्रश्न: ताई, आमचे हे गेली बारा-तेरा वर्षं रोज घेतात. आधी एक क्वार्टर असायची आता दीड-दोन होतात. पूर्वी श्रावण पाळायचे, महिनाभर हात लावायचे नाहीत, पण मागची काही वर्षं ते जमलं नव्हतं. यंदा सासूबाईंनी शपथ घातली म्हणून पहिल्याच दिवसापासून एकदम बंद केली. दुसऱ्या दिवशी हात एवढे थरथरायला लागले की कप बशीवर वाजत होता, घाम, झोप नाही, नुसत्या येरझाऱ्या. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चालतायत म्हणाले, गच्चीवरून कोणी बोलावतंय म्हणाले, मला ओळखेनात. सासूबाई म्हणाल्या बाहेरचं लागलंय, उतारा टाकला. शेवटी दिरांनी बाटली आणून दिली आणि थोड्या वेळाने जरा निवळले. आता घरात सगळे म्हणतात याला दारू सोडणं सोसत नाही, राहू दे. खरंच राहू द्यायचं का? (सुदामानगर)

उत्तर: वहिनी, राहू द्यायचं नाही, पण असं एकदम बंद पण करायचं नाही. दोन्ही का ते सांगते, जरा मोठं होईल, पण पूर्ण वाचा आणि जमलं तर सासूबाईंना पण वाचून दाखवा.

त्या रात्री तुमच्या घरी जे झालं त्याला डिलीरियम ट्रेमेन्स म्हणतात, आम्ही डॉक्टर लोक नुसतं डीटी म्हणतो. ते बाहेरचं नव्हतं, मेंदूच्या आतलं होतं. सासूबाईंवर चिडू नका, मुलगा भिंतीवरच्या मुंग्या वेचतोय आणि बायकोला ओळखत नाहीये हे बघून कुठल्याही आईच्या मनात तेच येईल.

मेंदूत पेशींना निरोप देणारी बरीच रसायनं आहेत. त्यातली दोन धरा. एक ग्लुटामेट, ते पेशीला म्हणतं चल ऊठ, कामाला लाग. दुसरं गाबा, ते म्हणतं थांब, शांत हो. या दोघांची रात्रंदिवस रस्सीखेच चालू असते आणि दोर साधारण मधोमध राहतो म्हणून आपण जागे पण असतो आणि शांत पण असतो. दारू येते ती गाबाच्या बाजूने दोर ओढायला उभी राहते, आणि वरून ग्लुटामेटच्या गड्यांचे हात धरून ठेवते. म्हणून सुरुवातीच्या दिवसांत थोड्याशा दारूने पण माणूस सैल पडतो. पण मेंदू काही बघत बसत नाही ना, एका बाजूला रोज संध्याकाळी जास्तीचा गडी येतोय हे त्याला कळतं, आणि दोर परत मधोमध आणायला तो स्वतःच फेरफार करतो, गाबाचा निरोप ऐकणारी जी जागा पेशीवर असते, जिला रिसेप्टर म्हणतात, ती बोथट करतो आणि ग्लुटामेटचे रिसेप्टर वाढवतो. आता तेवढ्याच दारूत काही जाणवत नाही, म्हणून क्वार्टरची दीड होते, दीडच्या दोन होतात. लोक म्हणतात याची कपॅसिटी वाढली. वाढलेली असते ती समोरची फौज.

आणि मग श्रावणाच्या पहिल्या दिवशी तो जास्तीचा गडी दोर सोडून निघून गेला. गाबाकडे आधीच माणसं कमी, ग्लुटामेटची वाढवलेली फौज सगळी जोर लावून उभी. हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, बीपी चढणं, झोप उडणं, हे सगळं त्या एकतर्फी ओढण्याचं आहे. याचं वेळापत्रक पण बरंच ठरलेलं असतं. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत हात थरथरायला लागतात, एक-दोन दिवसांच्या आत फिट येऊ शकते, आणि ४८ ते ९६ तासांच्या मध्ये, म्हणजे तिसऱ्या-चौथ्या दिवशी, डीटी. तुमचा तिसरा दिवस अगदी त्यात बसतो. सगळ्यांना हे होत नाही, पण ज्यांना होतं त्यातले उपचार न मिळालेले बरेच जण पूर्वी दगावायचे, आता वेळेवर हॉस्पिटलमध्ये नेलं तर बहुतेक सगळे वाचतात.

हे मी पुस्तकातून शिकायच्या आधी घरात बघितलंय. माझे मोठे मामा. मी एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला होते, आजोळी देवासला गेले होते, आणि घरच्यांनी दारू सुटावी म्हणून मामांना मागच्या खोलीत कोंडून ठेवलेलं होतं, दोन दिवस ओरडेल मग शहाणा होईल असं सगळ्यांचं मत. कोणी वाईट माणसं नव्हती, सगळ्यांचा जीव होता मामांवर, आजी दाराशी बसून रडत होती. त्यांना दोन फिट्स आल्या, आम्हाला वाटलं नाटक करतायत. चौथ्या दिवशी पहाटे आवाज यायचा बंद झाला आणि आम्हाला वाटलं झोप लागली. मी दुसऱ्या वर्षाला होते, माझ्या हातात अजून फार्माकोलॉजीचं पुस्तक आलेलं नव्हतं, पण ती खोली मी अजून विसरलेले नाही, आणि म्हणूनच कोणी मला सांगितलं की आम्ही घरीच बंद करवून घेतो तर मी हात जोडून थांबवते.

दिरांनी बाटली दिल्यावर ते जरा निवळले कारण तो जास्तीचा गडी परत दोराला लागला. एवढाच त्याचा अर्थ. दारू त्यांचं औषध आहे असं नाही, आणि डीटीच्या रात्री बाटलीच्या भरवशावर बसणं हा फार मोठा धोका आहे.

आता काय करायचं. त्यांना सांगा की तुम्ही श्रावण पाळायला निघालात ती इच्छा चांगलीच होती, फक्त तारीख देवाने नाही, डॉक्टरांनी ठरवायची. सायकियाट्रिस्टकडे जायचं, इंदूरात एमवाय या सरकारी हॉस्पिटलमध्ये दाखवता येतं, बाणगंगेचं सरकारी मानसिक रुग्णालय आहे, आणि तिथे जायला लाज वाटण्यासारखं काहीच नाही. ते क्लोरडायझेपॉक्साइड किंवा डायझेपाम, लिव्हर खराब असेल तर लोराझेपाम, अशा गोळ्या देतात, या गोळ्या गाबाच्याच बाजूने दोर धरतात आणि मग डॉक्टर पाच-सात दिवसांत डोस कमी करत करत दोर हळूहळू सैल सोडतात, तोवर मेंदू आपली माणसं परत जागेवर आणायला लागतो. एकदा डीटी झालंय म्हणजे पुढच्या वेळी परत व्हायची शक्यता जास्त, आणि दरवेळी एकदम तोडून परत सुरू केलं की पुढचा झटका आधीच्यापेक्षा जोराचा येतो. त्यामुळे तुमच्या बाबतीत पहिले काही दिवस अ‍ॅडमिटच करावं लागेल.

आणखी एक, हे कृपा करून लक्षात ठेवा. रोज पिणाऱ्याच्या अंगात थायमिन, म्हणजे व्हिटॅमिन बी१, संपत आलेलं असतं. अशक्तपणा आहे म्हणून कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसती ग्लुकोजची बाटली लावली तर उरलंसुरलं थायमिन पण त्यातच खर्च होतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते, डोळे फिरणं, तोल जाणं, आणि पुढे आठवणच न राहणं. वेर्निके यांनी १८८१ मध्ये आणि कोर्साकोव्ह यांनी १८८७ मध्ये हे वर्णन केलंय, आणि आजही घडतं. तेव्हा जिथे न्याल तिथे पहिलं वाक्य हे बोला: रोज पितात, इतक्या तासांपूर्वी शेवटची घेतली. थायमिन आधी किंवा सोबत, हे डॉक्टर लगेच समजतील. फिट आली किंवा माणूस भलतंच बोलायला लागला तर १०८ला फोन, वाट बघायची नाही. आणि नुसतं बोलून सल्ला हवा असेल तर १४४१६ हा सरकारी टेलिमानसचा नंबर आहे, फुकट आहे, कधीही लावा.

प्रश्न: मॅम, मी बारावी बायोमध्ये आहे. पुस्तकात अल्कोहोल डिप्रेसंट लिहिलंय, पण लग्नात जे काका पितात ते तर सगळ्यात जास्त नाचतात आणि बोलतात. मग ते डिप्रेसंट कसं? आणि केमिकल सिग्नल म्हणजे नक्की काय होतं, वीज जाते की रसायन? (तिलकनगर)

उत्तर: बाळा, फार छान प्रश्न, आणि तुझ्या शेवटच्या वाक्यावर मोठमोठे शास्त्रज्ञ कितीतरी वर्षं भांडलेत. पेशीच्या आत निरोप विजेच्या रूपात पळतो, पण एक पेशी संपून दुसरी सुरू होते तिथे मध्ये बारीकशी फट असते, केसाच्या जाडीच्या काही हजाराव्या भागाएवढी, आणि ती फट ओलांडायला बहुतेक ठिकाणी रसायनच लागतं. हे दाखवलं ओटो लोवी यांनी १९२१ मध्ये, ऑस्ट्रियात ग्राझ नावाच्या गावी. त्यांना रात्री झोपेत प्रयोग सुचला, अर्धवट जागं होऊन कागदावर खरडलं, सकाळी बघतात तर स्वतःचंच अक्षर लागेना! दुसऱ्या रात्री परत तेच स्वप्न पडलं तर यावेळी उठून सरळ प्रयोगशाळेत गेले. बेडकाची दोन हृदयं घेतली, एकाच्या व्हेगस नर्व्हला, म्हणजे मेंदूकडून हृदयाकडे येणाऱ्या नसेला, विजेने चेतवलं, ते हळू झालं, मग त्याच्याभोवतीचं पाणी दुसऱ्या हृदयावर सोडलं तर ते पण हळू झालं, त्याला कुठलीच नर्व्ह जोडलेली नसताना. म्हणजे निरोप पाण्यात उतरला होता. ते रसायन ॲसिटिलकोलीन, आणि १९३६ ला लोवी आणि हेन्री डेल यांना मिळून नोबेल मिळालं. मला ही गोष्ट कितीही वेळा सांगितली तरी कंटाळा येत नाही.

आता तुझे काका. इथॅनॉलचा रेणू एवढासा, पाण्यात पण विरघळतो आणि चरबीत पण थोडा शिरतो, म्हणून रक्तातून मेंदूत जाताना जी गाळणी असते ती त्याला अडवत नाही, पाचेक मिनिटांत पोचतो. गाबाच्या रिसेप्टरला मध्ये एक दार असतं, त्यातून क्लोराइड आत गेलं की पेशी गप्प होते, आणि दारू असली की ते दार जास्त उघडतं. म्हणून डिप्रेसंट, म्हणजे पेशींना मंद करणारी, मन उदास करणारी असा त्या शब्दाचा अर्थ इथे नाही. पण सगळ्यात आधी मंद कोण होतं बघ, कपाळाच्या मागचा भाग, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, जो सतत सांगत असतो की हे बोलू नको, लोक बघतायत. तो झोपला की बाकीचं जे दाबलेलं असतं ते वर येतं. सोबत डोपामिन आणि एंडॉर्फिन पण सुटतं, म्हणून मजा वाटते. अजून दोन पेग पोटात गेले की मागचा छोटा मेंदू मंद होतो, पाय अडखळतात, जीभ जड होते, आणि फारच झालं तर श्वास चालवणारं केंद्र. नाचणं आणि श्वास थांबणं ही एकाच रस्त्यावरची लांबची दोन टोकं आहेत. परीक्षेत एवढं लिहू नकोस, पण डोक्यात ठेव. आणि तो कपाळामागचा भाग पूर्ण तयार व्हायला पंचविशी उजाडते, म्हणून तुझ्या वयाच्या मेंदूत दारू गेली तर ती अर्धवट बांधलेल्या घरात जाते.

प्रश्न: डॉक्टर ताई, माझ्या मुलाची दारू सुटावी म्हणून मी एका जाहिरातीवरून पावडर मागवली आहे, न सांगता जेवणात मिसळायची असं लिहिलंय. आठ दिवस वरणातून देतेय. परवा प्यायला आणि लालबुंद झाला, उलट्या, छातीत धडधड, म्हणाला मी मरतो. औषध लागू पडतंय असं समजू का? (एक आई, राजेंद्रनगर)

उत्तर: काकू, आज हे वाचताय तर आजच ती पावडर बंद करा आणि पुडी घेऊन डॉक्टरांकडे जा. रागावत नाहीये मी तुम्हाला. तुमच्यासारख्या किती आया मी बघितल्यात, दरवेळी वाटतं त्या जागी मी असते तर मी पण कदाचित हेच केलं असतं. पण ऐका.

पुडीवर काय घातलंय ते लिहिलेलं नसतं, त्यामुळे तुमच्या पुडीत काय आहे हे मी इथे बसून सांगू शकत नाही, पण तुम्ही लिहिलंय तशी लक्षणं डायसल्फिराम नावाच्या औषधाने होतात. दारूचं लिव्हरमध्ये आधी ॲसिटाल्डिहाइड होतं, ते विषारी असतं, पण एक एन्झाइम त्याला पटकन पुढे ढकलतं. डायसल्फिराम त्या एन्झाइमलाच बंद पाडतं, मग विष साचतं, तोंड लाल होतं, उलट्या, बीपी पडतं, आणि हृदय कमजोर असेल तर जीव पण जातो. कोपनहेगनमध्ये १९४०च्या दशकात हाल्ड आणि याकोबसेन हे दोघं जंतांवरचं औषध म्हणून याची चाचणी स्वतःवर घेत होते, आणि नंतर थोडी दारू घेतल्यावर आजारी पडले, त्यातून हे सापडलं. म्हणजे औषध खरं आहे, जुनं आहे, डॉक्टर आजही देतात. पण आधी लिव्हर आणि हृदय तपासून, आणि रुग्णाला समजावून, त्याची हो घेऊन. शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत त्याचा असर राहू शकतो, खोकल्याच्या काही सिरपमध्ये पण अल्कोहोल असतं, आणि हे ज्याला माहीतच नाही तो स्वतःला कसा जपणार? शिवाय हे औषध मेंदूतल्या डोपामिनच्या कामात पण ढवळाढवळ करतं, काही जणांना संशय, भास व्हायला लागतात.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त लागते. त्याला उद्या कळलं की आईने वरणात कालवलं, तर तो तुमच्या हातचं जेवणार नाही. हेच औषध त्याला सांगून, रोज सकाळी त्याच्यासमोर, त्याच्याच मर्जीने तुमच्या हातून दिलं तर त्याचा उपयोग होतो, हे आम्ही नेहमी बघतो. गोळी तीच आणि हात पण तोच, म्हणून म्हणते लपवू नका. पण आधी डॉक्टर. आणि तो रोज पिणारा असेल तर वरचं सुदामानगरचं पत्र आधी वाचा, घाबरून त्याने अचानक सोडली तर तिसरा दिवस सांभाळायचाय.

प्रश्न: मी २६ वर्षांचा, सुपर कॉरिडॉरला आयटीत आहे. रोज पीत नाही, फक्त शनिवारी. पण दोनदा असं झालं की मित्र म्हणतात तू व्यवस्थित गप्पा मारत होतास, बिल पण तूच दिलंस, आणि मला रात्री अकरानंतरचं काहीच आठवत नाही. झोपलो पण नव्हतो. हे काय आहे? सकाळी गाडी चालवायला तर फ्रेश वाटतं.

उत्तर: याला ब्लॅकआउट म्हणतात आणि हे विसरणं नाहीये, त्यावेळी आठवण तयारच झाली नाही. हिप्पोकॅम्पस नावाचा भाग नवीन गोष्ट पक्की करतो, त्यासाठी ग्लुटामेटचा एक खास रिसेप्टर लागतो, एनएमडीए, आणि दारू त्याला दाबते, हे १९८९ मध्ये लव्हिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेशींवर दाखवलं. दोन-चार मिनिटांपुरतं डोक्यात धरून ठेवणारी व्यवस्था चालू असते म्हणून तू बोलतोस, हसतोस, पिन टाकतोस, पण लिहून कुठेच घेतलं जात नाही. म्हणून आता कितीही डोकं खाजवलंस तरी ती रात्र परत येणार नाही. किती प्यायलास यापेक्षा किती भरभर प्यायलास यावर हे जास्त असतं, रिकाम्या पोटी, शॉट्स, असं. फक्त शनिवारी हे म्हणून तू स्वतःला समजावतोयस, पण आठवड्याचं सगळं एका रात्री घेणं मेंदूला जास्त जड जातं.

आता गाडी. हिशोब करून बघ. आपल्याकडची व्हिस्की-रम साधारण ४२.८ टक्के, म्हणजे ३० मिलीच्या छोट्या पेगमध्ये १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल, १८० मिलीच्या क्वार्टरमध्ये ६०. साडेसहाशे मिलीची ८ टक्केवाली स्ट्रॉंग बिअर म्हणजे ४१ ग्रॅम, चार छोटे पेग झाले, आणि लोक म्हणतात बिअरच तर होती. समज नऊला सुरू करून क्वार्टर आणि एक स्ट्रॉंग, झाले शंभर ग्रॅम. लिव्हर तासाला आठेक ग्रॅम काढतं, कोणाचं थोडं कमी, कोणाचं जास्त. सकाळी सातला ८० गेले, २० राहिले, सत्तर किलोच्या पुरुषाच्या रक्तात ते १०० मिलीला ४० मिलीग्रॅमच्या आसपास येतं. कायद्याची मर्यादा ३० आहे, मोटार वाहन कायद्याचं कलम १८५, पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. म्हणजे पोहे-जलेबी खाऊन, आंघोळ करून, एकदम फ्रेश वाटत असताना तू कायद्याने प्यायलेलाच आहेस, आणि बायपासवर तुझा पाय ब्रेकवर उशिरा पडतो. लिंबू पाणी, दही, काळी कॉफी, कशानेच लिव्हरचा वेग वाढत नाही.

आणि कधी एखादा मित्र हलवून पण उठेना तर झोपू दे म्हणू नका. त्याला एका कुशीवर वळवा, कोणीतरी जवळ बसा, श्वास हळू किंवा खरखरता वाटला तर १०८.

प्रश्न: वय ७१. रात्री एक पेग आणि अल्प्राझोलमची अर्धी गोळी घेतो तेव्हा झोप लागते. चालेल ना? (निवृत्त, लोकमान्यनगर)

उत्तर: काका, नाही चालणार. दोघं गाबाच्याच रिसेप्टरवर काम करतात, वेगवेगळ्या जागी बसून, आणि एकत्र आले की श्वास मंदावतो, तुमच्या वयात तर बाथरूमला उठताना पडून खुबा मोडायची भीती वेगळी. पेगने डोळा लवकर लागतो पण स्वप्नांची झोप कमी होते आणि तीनच्या सुमाराला जाग येते, येते ना? गोळी मात्र स्वतःहून एकदम बंद करू नका, तिची पण मेंदूला तशीच सवय होते. डॉक्टरांना दोन्ही गोष्टी सांगा, पेग लपवू नका.

प्रश्न: रंगपंचमीच्या गेरमध्ये, म्हणजे रंगाच्या मिरवणुकीत, भांग घेतली तर ती दारूपेक्षा बरी ना, नैसर्गिक असते?

उत्तर: दारू पण गुळाची नाहीतर धान्याचीच होते की. भांगेतलं नशा आणणारं रसायन, टीएचसी, वेगळ्या रिसेप्टरवर बसतं, ज्याच्यावर मेंदूचं स्वतःचं एक रसायन बसत असतं. ते १९९२ मध्ये जेरुसलेमला मेशुलाम यांच्या प्रयोगशाळेत सापडलं आणि त्याला नाव दिलं आनंदामाइड, आपल्या संस्कृत आनंदावरून, मला याचं फार अप्रूप आहे. पण खाल्लेली भांग तास-दीड तासाने चढते, तोवर काहीच होत नाही म्हणून लोक अजून घेतात, आणि मग राजवाड्याच्या गर्दीत घाबरून छाती धरून बसतात. दारूवर भांग तर मुळीच नको.

प्रश्न: ताई, मला दारू सोडून चौदा महिने झाले. घरचे खुश आहेत, मी पण. पण रोज साडेसातला ऑफिसमधून येताना ज्या अहात्यावर, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून प्यायच्या जागी, बसायचो तो २०२३ ला सगळे अहाते बंद झाले तेव्हाच बंद झाला, आता तिथे मोबाइलचं दुकान आहे, तरी तिथून जाताना तोंडाला पाणी सुटतं. परवा घरी जेवताना शेजारी कोणीतरी लौंग सेवेवर कांदा-लिंबू पिळलं आणि त्या वासाने मी इतका कासावीस झालो की ताट सोडून बाहेर निघून गेलो, कोणी विचारलं पण नाही. चौदा महिन्यांनी पण असं होतंय म्हणजे मी आतून सुधारलोच नाही का?

उत्तर: दादा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही बाहेर निघून गेलात ना, तेच बरोबर केलंत.

डोपामिन म्हणजे आनंदाचं रसायन असं सगळीकडे लिहिलेलं असतं पण ते पूर्ण खरं नाही. स्वित्झर्लंडमध्ये वोल्फ्राम शुल्त्झ यांनी माकडांवर बघितलं होतं, माकडाला रसाचा थेंब मिळाला की डोपामिनच्या पेशी जोरात बोलायच्या. मग रसाच्या आधी दिवा लावायला सुरुवात केली. थोड्या दिवसांनी त्या पेशी रसाला नाही, दिव्यालाच बोलायला लागल्या. आणि दिवा लागून रस आला नाही तर एकदम गप्प व्हायच्या. म्हणजे डोपामिन सांगतं की आता काहीतरी मिळणार आहे, लक्ष दे. तुमच्यासाठी लौंग सेव, कांदा, तो कोपरा, साडेसातची वेळ, हे सगळे ते दिवे आहेत. वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी लागलेले. दुकान बदललं तरी मेंदूतला दिवा तिथेच आहे, आणि रस्सीखेचीचा दोर काही आठवडे-महिन्यांत बराचसा मधोमध येतो पण हे दिवे त्याहून खूप हळू विझतात. तुम्ही सुधारला नाहीत असं याचा अर्थ अजिबात नाही. तुमचा मेंदू चांगला शिकलेला होता, आता त्याला नवीन शिकायचंय, आणि दर वेळी दिवा लागला आणि रस आला नाही की थोडं थोडं शिकतोय.

ही कासावीस लाट बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ जागा बदलायची, पोटात काहीतरी टाकायचं, रिकाम्या पोटी लाट मोठी येते, आणि कोणाला तरी फोन करायचा. काही महिने घरी यायचा रस्ता बदला. त्यात हार कसली. आणि औषधांबद्दल तुम्ही काही लिहिलं नाही म्हणून सांगते. नाल्ट्रेक्सोन म्हणून गोळी आहे, दारूने जे एंडॉर्फिन सुटतं त्याची जागाच अडवते, ओढ कमी करते, अमेरिकेत १९९४ पासून दारूसाठी मान्य आहे, आपल्याकडे पण मिळते, फक्त लिव्हर तपासून, आणि तुम्ही अफूच्या जातीची दुखण्यावरची गोळी घेत असाल तर नाही. दुसरी अकॅम्प्रोसेट, ती ग्लुटामेटला शांत ठेवते, तिला किडनी चांगली लागते. चौदा महिन्यांनंतर पण ओढ इतकी असेल तर विचारायला काहीच हरकत नाही. चष्मा लागला तर डोळ्यांनी हिंमत धरावी असं आपण म्हणत नाही ना. पुण्याच्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्राची आठवण येते, १९८६ पासून तिथे हेच सांगतात की हा आजार आहे. इंदूरात एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या, मीटिंग होतात, १४४४६ हा व्यसनमुक्तीचा सरकारी नंबर आहे.

आणि एक काम करा, घरी सांगा. वहिनींना, मुलांना. त्यांना वाटतंय सगळं संपलं, म्हणून तर त्यादिवशी कोणी विचारलं पण नाही की तुम्ही ताट सोडून कुठे गेलात. त्यांना कळू दे की साडेसातला तुम्हाला काय होतं. मग त्या वेळेला कोणीतरी तुमच्याबरोबर चालायला येईल, आणि सेव थोडे दिवस घरात नाही आणली तरी चालेल.